फोनमधलं तळं

हात ओले होते, एवढं तिला नक्की आठवत होतं. बाकी त्या चार-पाच सेकंदांत काय झालं ते तिनं मनात पुन्हा पुन्हा लावून पाहिलं, पण दर वेळी मधला एखादा तुकडा निसटायचाच. बावीस नंबरच्या बाईंचा गुडघा झाला होता. जिना कुठल्या बाजूला, असं विचारत त्या बाहेर पडल्या होत्या. तेविसाव्याला आत घेण्याआधी तिनं एक्स-रेचं टेबल जंतुनाशकानं पुसलं आणि फडकं खाली ठेवते न ठेवते तोच कोटाच्या खिशात फोन थरथरला. पडद्यावर नाव होतं, ढब्या. तीन वर्षांत धाकट्या भावाचं हे नाव तिथं उमटलं नव्हतं. तिनं हिरव्या गोलावर अंगठा ठेवून वर सरकवला, म्हणजे तिला तरी तसंच वाटलं, आणि त्याच क्षणी खालून एक तळं वर आलं. निळंशार, डोंगरांच्या मधोमध, काठाला एक रिकामी होडी. 'या शांत तळ्याविषयी जाणून घ्यायचंय?' असं त्यावर लिहिलेलं, आणि मागून संथ वाद्यसंगीत. कोपऱ्यात बंद करायची फुली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. ती ओल्या बोटाला दाद देईना. तिनं बोट कोटाला पुसलं, पुन्हा दाबलं. तळं अजून मोठं झालं, होडी हलायला लागली. खिशातली ती थरथर अजून तळहातात होती की थांबली होती, हेही कळेना. अखेर तळं गेलं तेव्हा फोन गप्प होता. कॉलच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं होतं, ढब्या, अकरा वाजून सात मिनिटं. आणि खाली बारीक अक्षरांत, 'नाकारला'.

घेता आला नाही, असं नव्हे. नाकारला.

फोन दोन महिन्यांचा होता. जुना जिन्यावरून पडला, आणि त्याचे तुकडे बघून विभागातले डार्करूमकाका म्हणाले होते, "याला आता प्लास्टर घालण्यात अर्थ नाही." काका निवृत्तीला आले होते. फिल्म अंधारात धुवायच्या काळापासून ते इथे होते, त्यामुळे डार्करूम जाऊन पंधरा वर्षं झाली तरी नाव तेच राहिलं होतं. नवा फोन खोक्यातून काढताना तो कोरा असेल, असं तिनं गृहीत धरलं होतं. उघडून बघते तर आत आधीच बिऱ्हाड थाटलेलं. दोन-दोन कॅल्क्युलेटर. फळं कापायचे तीन खेळ. खरेदीची दुकानं. जिथं ती कधी राहिली नव्हती अशा कुठल्या तरी शहरातलं हवामान. आणि एक सफाई करणारं ॲप, जे स्वतःच सगळ्यात जास्त जागा अडवून रोज सकाळी तिला सांगायचं की तुमचा फोन अस्वच्छ आहे. एका दुपारी बसून तिनं अकरा ॲप काढून टाकली. चार उरली. त्यांच्यापुढची 'काढून टाका' ही अक्षरं फिकट होती, कितीही दाबली तरी दबत नव्हती. त्यातलं सगळ्यात चिवट म्हणजे हे. याला धड चिन्हही नव्हतं. फोन कुलूपबंद असला की ते पडद्यावर येऊन बसायचं. कधी तळं, कधी बर्फाची शिखरं, कधी कुणाच्या तरी पांढऱ्या स्वयंपाकघरातला ओटा. 'हे वाचलंत का?' 'यांनी असं का केलं?' वेळ बघायला म्हणून फोन उचलावा आणि वेळ सोडून बाकी सगळं दिसावं. नवरा म्हणाला होता, "चित्रंच तर आहेत. बघायचं नाही." पण तिला ते जमत नव्हतं. आपण न बोलावता कुणीतरी रोज आपल्या घरात येऊन बसतंय आणि घरातल्या बाकीच्यांना त्याचं काहीच वाटत नाही, असं काहीतरी तिला व्हायचं, आणि राग येण्याएवढी ही गोष्ट मोठी नाही हे कळत असल्यानं राग अजूनच वाढायचा.

गेल्याच्या गेल्या रविवारी ती फोन दुरुस्तीच्या दुकानात गेली होती. काउंटरमागच्या माणसानं डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच फोन हातात घेतला.

"हे जात नाही," तो म्हणाला.

"मी मागितलं नव्हतं."

"कुणीच मागत नाही. कंपनीनं आतूनच बसवलंय. बंद करून देतो. पण पुढच्या अपडेटला परत येणार."

"मग उपयोग काय?"

"तोवर तरी येणार नाही ना," तो शांतपणे म्हणाला, आणि तिला एकदम रडू येईल असं वाटलं. दुकानात, फोनसाठी. ती पटकन बाहेर पडली. गुरुवारी अपडेट झालं आणि शुक्रवारी सकाळी बर्फाची शिखरं परत हजर.

आता ती दाराला पाठ लावून उभी होती. तिनं उलट फोन लावला. घंटी वाजत राहिली, पूर्ण वाजली, थांबली. पुन्हा लावला. या वेळी दोनच घंट्या आणि मग तुटला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा ध्वनिमुद्रित बाईनं सांगितलं की आपण संपर्क करत असलेला क्रमांक बंद आहे. बाहेर बाकावरची माणसं खोकत होती, कुणीतरी नंबर किती झाला म्हणून विचारत होतं. तिनं तेविसाव्याला आत बोलावलं. मनगट. चोविसाव्याचा खांदा. पंचवीस नंबरच्या आजोबांना तिनं दोनदा चुकीच्या बाजूला वळवलं आणि माफी मागितली. हात कामं करत होते, ते एकोणीस वर्षं तेच करत आले होते, आणि डोकं त्या एका शब्दाला चिकटून होतं. ढब्या उगाच फोन करणाऱ्यातला नव्हता. लहानपणी पडला तरी आधी गुडघा झटकायचा आणि मग घरात यायचा. लठ्ठ होता तेव्हा, गालांमुळे डोळे बारीक व्हायचे, म्हणून ढब्या. पुढे वाळून काटकुळा झाला तरी तिच्यासाठी ढब्याच. आई लवकर गेली आणि तिच्या चौदाव्या वर्षापासून त्याच्या शाळेच्या वहीवर पालकांची सही तीच करायची. बाबांचीच करायची खरं तर, हुबेहूब. त्यानं तीन वर्षांनी फोन केला म्हणजे काहीतरी झालं असणार. त्याच्या बायकोला काही झालं का? बाळ होणार होतं का त्यांना? तिला काहीच माहीत नव्हतं. आणि जे काही होतं ते सांगायला त्यानं फोन केला आणि त्याच्या पडद्यावर दिसलं की ताईनं तोडला. तोडलाच. तिनं अंगठा वर सरकवला होता ना? की खाली? लाल गोल डावीकडे होता की उजवीकडे? तळं आल्यावर फुली समजून तिनं नेमकं काय दाबलं होतं? आणि तिला ती आणखी एक गोष्ट दिसू लागली, जी तिला बघायची नव्हती. नाव दिसल्याबरोबर, हा आपोआप बंद पडला तर बरं, असं तिला वाटून गेलं होतं. अंगठा हलण्याच्या आधी. तळं येण्याच्या आधी.

सव्विसावा माणूस कपडे बदलत होता तेवढ्यात तिनं सेटिंग उघडून पुन्हा ती फिकट अक्षरं दाबली. 'बंद करा' दाबल्यावर फोननं विचारलं, असं केल्यास इतर गोष्टी नीट चालणार नाहीत, तरीही करायचं? तिनं हो म्हटलं. तोच प्रश्न पुन्हा आला. अंगठा इतका जोरात टेकवला की नख पांढरं पडलं. काका मागे येऊन उभे होते.

"फोडशील तो," ते म्हणाले. "काय झालं?"

"या ॲपनं माझा फोन तोडला. भावाचा."

"ढब्याचा?" काकांना सगळं माहीत होतं. बाबा याच इमारतीत, तीन मजले वरच्या वॉर्डात वारले होते. काका म्हणाले, "परत लाव की."

"लावला. बंद करून ठेवलाय."

"हं," काका म्हणाले, आणि ती तक्रार करतेय त्या गोष्टीकडे न बघता त्यांनी तिच्याकडेच बघितलं. ते तिला नको होतं. तिला हवं होतं की त्यांनी फोनला नावं ठेवावीत.

कारण बाबा गेले त्या दिवशी जुना फोन होता. तो चांगला होता, त्यात तळंबिळं काही नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या लांब खिडकीपाशी ती उभी होती, आणि डॉक्टर म्हणाले होते, मशीनवर ठेवलं तर संध्याकाळपर्यंत धरून ठेवता येईल, तुमचा भाऊ पोहोचेल तोवर. त्रास होईल का, तिनं विचारलं. होईल, डॉक्टर म्हणाले. बाबांच्या छातीची चित्रं तिनंच काढली होती, महिनाभर, एकेक. ती सावली कशी पसरत गेली ते तिच्याएवढं कुणीच पाहिलं नव्हतं. नको, ती म्हणाली, आणि सही केली. या वेळी स्वतःच्या नावाची. ढब्या तेव्हा सहा तासांच्या अंतरावरून येत होता. फोन हातात थरथरायचा, थांबायचा, पुन्हा थरथरायचा. ती नाव बघत राहायची आणि तो आपोआप बंद व्हायची वाट बघायची. बाबा पाऊण वाजता गेले. ढब्या सव्वाचारला पोहोचला, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि तिनं त्याला दारातच सांगितलं, वेळच नव्हता रे. त्यानं काहीच विचारलं नाही. सगळं आटोपल्यावर निघताना फक्त एवढं म्हणाला, "तू माझी वाट नाही बघितलीस, ताई." आणि मग तीन वर्षं एक शब्द नाही. तिनं सुरुवातीला चार-पाच वेळा फोन केले, त्यानं घेतले नाहीत, आणि तिनं ते करणं थांबवलं तेव्हा तिला जरा सुटल्यासारखंही झालं होतं.

एक वाजून गेला तरी रांग सरत नव्हती. तीस नंबरचा पाय झाल्यावर तिनं पुढची चिठ्ठी उचलली. छाती, समोरून. तीन आठवडे खोकला, वजन कमी. वय अडतीस. वरची ओळ तिनं सगळ्यात शेवटी वाचली. मधे बाबांचं नाव होतं आणि शेवटी तिचं माहेरचं आडनाव.

"एकतीस," ती दारात येऊन म्हणाली. आवाज नेहमीचाच आला. बाकावर बत्तीस, तेहेतीस आणि पायाला पट्टी बांधलेली एक मुलगी. "एकतीस नंबर."

नोंदणीच्या खिडकीतल्या बाईनं मान बाहेर काढली. "तो बारीक माणूस ना? निळ्या शर्टातला? तो गेला की हो. त्या खांबाआडच्या बाकावर दीड-दोन तास बसला होता. फोन लावत होता कुणाला तरी. मग अर्ध्या तासापूर्वी मला म्हणाला, राहू दे, पुन्हा येईन."

"कुठल्या दाराने गेला?"

"मोठ्या," बाई म्हणाली, "पण तुमचं जेवण तरी..." तोवर ती कॉरिडॉरच्या टोकाला पोहोचली होती. काकांना तिनं काही सांगितलंच नाही, नुसता त्यांच्या खोलीच्या काचेवर हात आपटला. आपण धावतोय हे तिला जिन्यात कळलं. म्हणजे तो भिंतीपलीकडे बसला होता. अकरा वाजून सात मिनिटांनी ती टेबल पुसत होती आणि तो वीस पावलांवर बाकावर होता, आणि आत येऊन हाक मारायच्या ऐवजी त्यानं फोन लावला, कारण तेवढीच हिंमत झाली असेल. आणि हातातल्या फोनवर पाहिलं असेल, तुटला. मग तिचा फोन आला तेव्हा त्यानं घंटी वाजू दिली असेल, मांडीवर फोन ठेवून, ती जशी तेव्हा वाजू देत होती तशीच.

तो समोरच्या बसथांब्यावर होता. पुढे वाकून खोकत होता, हात गुडघ्यांवर. मानेचे मणके शर्टाच्या कॉलरमधून मोजता आले असते. ती समोर जाऊन उभी राहिली तेव्हा त्यानं आधी तिच्या पायांकडे बघितलं.

"तिकडचं मशीन बंद होतं," तो म्हणाला. "डॉक्टरांनी इथलं लिहून दिलं. नाहीतर मी इथं आलो नसतो."

"मला सांगायचंस."

"सांगत होतो. तू तोडलास."

"मी नाही तोडला. या फोनमध्ये एक ॲप आहे, ते कंपनीनं बसवलंय, काढता येत नाही. मी उचलायला गेले आणि तळं आलं."

"तळं," तो म्हणाला.

तिला स्वतःचं बोलणं ऐकू आलं आणि कान तापले. "खोटं वाटतंय तर लाव आत्ता. तूच बघ."

त्यानं खिशातून फोन काढला. तो बंद होता. त्यानं चालू केला आणि दोघंही कंपनीचं चिन्ह यायची, जायची वाट बघत राहिली. मधे बस आली, दार उघडलं. तो उठून उभा राहिला, पण चढला नाही. चालकानं क्षणभर थांबून दार लावलं आणि बस गेली. मग त्यानं तिचं नाव शोधून लावला. तिच्या हातात फोन थरथरला. ढब्या. तिनं अंगठा ठेवला, आणि मनातल्या मनात ती अक्षरशः विनवत होती, ये आता, एकदा ये. काहीच आलं नाही. हिरवा गोल लोण्यासारखा वर सरकला आणि फोन लागला.

"हॅलो," ती म्हणाली. तिचाच आवाज त्याच्या फोनमधून बारीक होऊन परत आला.

त्यानं फोन कानाला लावला होता. तोडला नाही. तिच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत तो फोनमध्येच म्हणाला, "छान चालतोय की."

तिला वाटलं, आता फोन खाली घ्यावा. पण कानाशी धरलेला हात तिथंच राहिला. दोन पावलांवर तो उभा होता आणि त्याचा श्वास तिला कानात ऐकू येत होता, मधूनच घरघरणारा.

"त्या दिवशी जुना फोन होता," ती म्हणाली. "त्यात असलं काही नव्हतं. तुझे अकरा फोन आले."

"मोजलेत मी. मीच लावले होते."

"वेळ होता, ढब्या. डॉक्टर संध्याकाळपर्यंत थांबवतो म्हणाले होते. मी नको म्हणाले. फोन उचलला असता तर तू थांब म्हणाला असतास, आणि मग मला थांबावं लागलं असतं. माझ्याच्यानं बघवत नव्हतं. बाबांचे हाल बघवत नव्हते की तुला सांगायचं धाडस होत नव्हतं, कुणास ठाऊक. पण वेळ होता."

तो खोकला. तिला दोनदा ऐकू आलं, एकदा समोरून आणि एकदा कानात.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "वरच्या नर्सनं त्याच संध्याकाळी सांगितलं. कागदावर तुझी सही होती, वेळ घातलेली."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून. थांबली नाहीस त्याचं एवढं नाही गं. मी असतो तर मीपण कदाचित तेच केलं असतं. पण तू दारात उभी राहून म्हणालीस, वेळच नव्हता. मला. म्हणून मग मी ठरवलं, ही सांगेपर्यंत नाही बोलायचं. आणि तू सांगितलंच नाहीस. महिना झाला, वर्ष झालं. मग मलाच कळेना, आता कसं बोलायचं."

पदपथावरून जाणाऱ्या एका बाईनं दोघांकडे वळून बघितलं, समोरासमोर उभं राहून फोनवर बोलणाऱ्या माणसांकडे बघतात तसं. "आणि आजचं," ती म्हणाली, "ते तळं खरंच आलं होतं. पण फोन तोडला तो तळ्यानं की माझ्या बोटानं, ते मला सांगता येणार नाही. शपथ घेऊनसुद्धा नाही."

"राहू दे ते," तो म्हणाला आणि फोन त्यानं तोडला. मग नुसत्याच आवाजात, जरा त्रासून, म्हणाला, "किती बसवून ठेवता लोकांना. चहाचं यंत्रपण बंद."

दोघं परत आली. काकांनी बत्तीस आणि तेहेतीस आपल्या खोलीत घेतले होते. ढब्यानं शर्ट काढला आणि भिंतीवरच्या उभ्या प्लेटसमोर जाऊन उभा राहिला. तिनं त्याचे खांदे दोन्ही हातांनी पुढे ढकलले. गार होते. एवढ्या वर्षांत हजारो खांदे तिनं असे ढकलले होते, पण या खांद्यांवरून तिला हात काढवेना. मग काढला. शिशाच्या दारामागे जाऊन तिनं त्याला श्वास धरायला सांगितलं, बटण दाबलं, सोड म्हणाली. पडद्यावर चित्र यायला चार सेकंद लागतात. ते आलं, आणि तिनं ते एका नजरेत वाचलं. काचेपलीकडे तो शर्टाची बाही शोधत तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. अशा वेळी चेहरा कसा ठेवायचा हे या कामात सगळ्यात आधी शिकवतात. तिनं तो तसा ठेवला नाही.

"काय दिसलं?" त्यानं दारात येऊन विचारलं.

एकोणीस वर्षं या प्रश्नाचं तिच्याकडे एकच उत्तर होतं, डॉक्टर सांगतील. ते तोंडाशी आलंसुद्धा. तिनं कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढून स्वतःच्या खुर्चीला लावली.

"ये, बस. दाखवते."

तो बसला. तिनं पडद्यावर बोट ठेवलं, उजवीकडे, वरच्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या जरा खाली. "ही सावली. कोटाच्या बटणाएवढी."

तो पडद्याकडे वाकला. "बाबांसारखी?"

"बाबांची खाली होती. पसरलेली होती. ही वर आहे."

"वर म्हणजे बरी?"

"वर म्हणजे वर. काही बरं असू शकतं, औषधानं जाणारं. नसूही शकतं. मला माहीत नाही, ढब्या. खरंच माहीत नाही."

त्यानं मान हलवली. त्या उत्तरानं त्याला धीर आला की काय, तिला कळलं नाही, पण त्यानं पाठ खुर्चीला टेकवली. बटणं त्यानं एक घर सोडून लावली होती.

"डॉक्टर कधी येतात?"

"साडेतीनला."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर काका चौतीस नंबर, चौतीस नंबर करत होते.

"तू कर तुझं काम," तो म्हणाला. "मी बसतो बाहेर बाकावर."

"नको," ती म्हणाली. "मीही येते." तिनं कोट काढून खुंटीला अडकवला, दार ओढून घेतलं, आणि दोघं बाहेर त्या लांब बाकावर, बाकीच्या लोकांमध्ये, जागा करून बसली.